एकटेपणात ख्रिस्ती विश्वासाचा आधार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलं दुबईला नाहीतर कॅनडाला, जोडीदार प्रभूघरी गेलेला; किंवा आपणच पुण्यात एका खोलीत आणि घरचे सगळे जालन्याला. रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, भेटणाऱ्या बऱ्याच जणांचा बाकीचा आठवडा असा जातो. खालचे प्रश्न पाळकांना (पास्टरांना), फादरांना, सिस्टरांना आणि मंडळीतल्या जाणत्या माणसांना पुन्हा पुन्हा विचारले जातात. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक अशा दोन्ही घरांच्या रीती उत्तरांत आल्या आहेत. कंसातले आकडे बायबलमधल्या अध्याय आणि वचनांचे आहेत.

विश्वास असूनही एकटं वाटतं. माझाच विश्वास कमी पडतो का?

नाही. "मनुष्य एकटा असावा हे बरे नाही" हे देवाचं वाक्य उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आहे (२:१८). पाप जगात येतं ते तिसऱ्या अध्यायात. म्हणजे आदामाचं देवाशी नातं अगदी निर्मळ होतं, मध्ये कसलाही पडदा नव्हता, तेव्हाच देवानं म्हटलं की याला सोबत हवी. "देव आहे ना, मग माणसं कशाला?" हे वाक्य कानाला भक्तीचं वाटतं, पण ते शास्त्रातलं नाही. ते ऐकवून एकट्या माणसाला गप्प करू नये, आणि स्वतःलाही ऐकवू नये.

स्वतः प्रभू येशूनं अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत तिघा शिष्यांना, पेत्र, याकोब आणि योहान यांना, जवळ घेतलं आणि माझ्याबरोबर जागे राहा असं सांगितलं (मत्तय २६:३७–३८). ते झोपले. सोबत मागणं आणि ती न मिळणं, दोन्ही त्याला ठाऊक आहे.

देव एकट्या माणसाला नेमकं काय देतो?

याचं सगळ्यात तपशीलवार उत्तर १ राजे, अध्याय १९ मध्ये मिळतं. ते सावकाश वाचावं.

ईजबेल राणीच्या धमकीनं एलीया हा संदेष्टा पळाला. बैरशेब्यात त्यानं आपल्या चाकराला ठेवलं आणि पुढे एक दिवसाची वाट तो रानात एकटाच गेला. रतामाच्या झुडपाखाली बसून त्यानं मरण मागितलं आणि तिथेच झोपला. देवदूत आला, पण उपदेश करायला नाही. त्यानं एलीयाला स्पर्श केला आणि ऊठ, खा, एवढंच म्हटलं. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं होतं. एलीया जेवला आणि पुन्हा झोपला! देवदूतानं झोपू दिलं. दुसऱ्यांदा उठवलं तेव्हा म्हणाला, खा, कारण वाट लांबची आहे. मग चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालणं, होरेब डोंगर, आणि तिथे देवाचा प्रश्न : एलीया, तू येथे काय करत आहेस? "मीच एकटा उरलो आहे," हे त्याचं गाऱ्हाणं देवानं दोनदा ऐकून घेतलं, दोन्ही वेळा जवळजवळ त्याच शब्दांत. त्याबद्दल रागावला नाही. त्यानंतर त्याला काम दिलं, बआल या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार अजून आहेत हे सांगितलं, आणि अलीशा हा सोबती दिला.

झोप, भाकर, चालणं, मन मोकळं करणं, काम, माणूस. हा क्रम लक्षात ठेवा. आपण बहुतेक वेळा तो उलटा धरतो : उपाशीपोटी, तीन रात्री जागून, मोठ्या आध्यात्मिक अनुभवाची वाट पाहतो आणि तो आला नाही म्हणून खचतो. एकट्यासाठी कशाला स्वयंपाक करायचा म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढणाऱ्यांनी तर आधी वरण-भाताचा कुकर लावावा, मग बायबल उघडावं. त्यात भक्तीला कमीपणा येत नाही.

सुरुवात कुठून करू?

दिवसाला दहा मिनिटांपासून. वेळ ठरलेली, खुर्चीही तीच. तासभराचा संकल्प तिसऱ्या दिवशी मोडतो, आणि मोडला की अपराधी वाटून माणूस पुस्तकालाच हात लावत नाही. मोबाइलवर वाचत असाल तर आधी एअरप्लेन मोड लावा, नाहीतर दुसऱ्या वचनाला व्हॉट्सॲप वाजतंच.

दोन मिनिटं नुसतं बसा. मग बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र दोनदा मोठ्यानं वाचा, साधारण चार मिनिटं. मोठ्यानं अशासाठी, की एकट्या घरात दिवसदिवस माणसाला स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही. पुढची तीन मिनिटं आपल्या भाषेत बोला. घरी जशी बोलता तशीच, पुस्तकी नको. शेवटच्या मिनिटात एका माणसाचं नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना करा, आणि त्याच दिवशी त्याला फोन करा किंवा निरोप पाठवा. हा शेवटचा भाग सगळ्यात जास्त गळतो, आणि तोच गळला की उरलेली नऊ मिनिटं हळूहळू स्वतःभोवतीच फिरायला लागतात.

पहिल्या आठवड्यासाठी स्तोत्रं अशी घ्या : सोमवारी १३, मंगळवारी १४२, बुधवारी ४२, गुरुवारी १०२ ची पहिली बारा वचनं, शुक्रवारी २२, शनिवारी २७, रविवारी घरातून निघण्याआधी १२२. १४२ व्या स्तोत्रात गुहेतला माणूस म्हणतो की माझी विचारपूस करणारा कोणी नाही. १०२ व्यात छपरावरची एकटी चिमणी आहे. २७ व्यात आईबापांनी सोडलं तरी परमेश्वर मला जवळ करील असा भरवसा आहे (वचन १०). ८८ वं स्तोत्र पहिल्या आठवड्यात घेऊ नका; त्याबद्दल पुढे येईल.

उत्पत्तीपासून ओळीनं वाचायला घेतलं तर बहुतेक जण तिसऱ्या, लेवीय या पुस्तकाच्या आसपास थांबतात. तो क्रम पुढे कधीतरी ठीक आहे, एकटेपणात नको. आणि डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट ठेवायचं, निघेल ते वचन देवाची चिठ्ठी समजायचं, ही सवय सोडून द्या. खचलेलं मन अशा वेळी नेमकं शिक्षेचं वचन आपल्यासाठी आहे असं धरून बसतं.

स्तोत्र वाचायचं म्हणजे काय करायचं? मला तर ती फक्त अंत्यविधीला ऐकून माहीत आहेत.

तेरावं स्तोत्र घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत "कोठवर" हा प्रश्न चार वेळा येतो : देव कुठवर मला विसरणार, कुठवर तोंड लपवणार, मी कुठवर मनात दुःख वागवू, शत्रू कुठवर माझ्यावर वरचढ राहणार. पहिले दोन प्रश्न देवाबद्दलचे, तिसरा स्वतःबद्दलचा, चौथा दुसऱ्या माणसाबद्दलचा. कागदावर हे चार "कोठवर" लिहा आणि प्रत्येकापुढे आपली ओळ जोडा. कोठवर फोन वाजणार नाही? कोठवर दोन ताटं काढून एक परत ठेवू? देवाला हे असं विचारलेलं चालतं. विचारणाऱ्याचे शब्द पवित्र शास्त्रात जपून ठेवलेत.

तिसऱ्या आणि चौथ्या वचनात मागणं आहे : पाहा, उत्तर दे, माझ्या डोळ्यांना प्रकाश दे. इथे एकच आणि नेमकं मागा. "मला आनंदी कर" यापेक्षा "आज संध्याकाळी सहा ते आठ मला सांभाळ" हे मागणं बरं, कारण रात्री आठ वाजता त्याचं काय झालं हे बघता येतं.

शेवटची दोन वचनं भरवशाची आणि गाण्याची आहेत. ती अजून मनातून येत नसतील तर नुसती वाचा. खोटं वागल्यासारखं वाटून घेऊ नका. दीडशे स्तोत्रांतली जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत, आणि मंडळी ती शेकडो वर्षं एकमेकांसाठी म्हणत आली आहे. आज तुमच्यासाठी ती दोन वचनं दुसरं कोणी मनापासून म्हणत असेल.

प्रार्थनेला बसलं की शब्दच सुचत नाहीत.

शब्द नसलेल्या कण्हण्यातून आत्मा आपल्यासाठी विनंती करतो, असं प्रेषित पौल लिहितो (रोम ८:२६). म्हणजे नुसतं उसासे टाकत बसणं हीसुद्धा प्रार्थना धरली जाते.

तयार शब्द हवे असतील तर प्रभूची प्रार्थना एका श्वासाला एक ओळ या गतीनं म्हणा. तिच्यात एक गोष्ट सहज निसटते : "हे आमच्या स्वर्गातील पित्या" इथून शेवटपर्यंत कुठेही "मी" किंवा "माझा" नाही. रोजची भाकर आम्हाला दे, आमची ऋणं सोड. बंद खोलीत एकटी म्हणत असलात तरी तुम्ही "आमच्या" म्हणता. ज्यांच्याबरोबर म्हणता ते दिसत नाहीत, इतकंच.

तेही जड जात असेल तर आंधळ्या भिकाऱ्याची हाक पुरे : येशू, माझ्यावर दया कर (लूक १८:३८). आणि ज्यांना बोलण्यापेक्षा गाणं जवळचं, त्यांनी 'उपासना संगीत' हे मराठी गीतांचं पुस्तक उघडावं. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) आपली भजनं अभंग-ओवीच्या वळणावर लिहिली, त्यामुळे ती पेटीशिवाय, भांडी घासतानाही गुणगुणता येतात.

मी प्रार्थना करतो, पण देव गप्प आहे. आता?

आता ८८ वं स्तोत्र. अठरा वचनं, आणि शेवटपर्यंत कुठेही उजेड नाही. स्नेही दूर गेले, आणि मूळ हिब्रूत शेवटचा शब्दच काळोख. बाकीची विलापाची स्तोत्रं बहुधा भरवशाकडे वळतात, हे वळत नाही. तरीही म्हणणारा तीनदा सांगतो की मी तुला हाक मारतो : दिवसरात्र (वचन १), दररोज (९), पहाटे (१३). उत्तर न मिळालेल्या माणसाचं हाक मारत राहणं, एवढंच त्या स्तोत्रात आहे, आणि तेवढ्यावर ते पवित्र शास्त्रात आलं.

गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन सप्तशब्दांच्या, म्हणजे येशूच्या वधस्तंभावरच्या सात वाक्यांच्या, उपासनेला बसलेल्यांना चौथा शब्द पाठ असतो : "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" (मार्क १५:३४). हे २२ व्या स्तोत्राचं पहिलं वचन. वधस्तंभावर येशूला स्वतःचे वेगळे शब्द शोधावे लागले नाहीत; लहानपणापासून म्हटलेले शब्द तोंडी आले. म्हणून बरे दिवस असताना स्तोत्रं पाठ करा. वाईट दिवसांत पाठांतर होत नाही.

हा गप्पपणा किती दिवस टिकेल याचं कोष्टक कोणाजवळ नाही. फक्त या काळात मोठे निर्णय टाळा : मंडळी सोडणं, घर विकणं, घाईनं लग्न ठरवणं.

दिवस कसाही जातो. रात्र जात नाही.

रात्रीसाठी वेगळं, लहान काहीतरी ठेवा. झोपण्याआधी चौथं स्तोत्र, आठच वचनं; शेवटचं वचन स्वस्थपणे पडून झोपी जाण्याचं आहे. त्याच्या जोडीला बाळ येशूला हातात घेतलेल्या शिमोनाचं गीत (लूक २:२९–३२). मंडळीच्या रात्रीच्या प्रार्थनेत हे दोन्ही फार जुन्या काळापासून आहेत. मग दिवसभरातली एक गोष्ट देवाचे आभार मानून सांगा, एक चूक कबूल करा, दिवा मालवा. पाच मिनिटांच्या वर नेऊ नका. रात्री लांब आत्मपरीक्षण केलं की ते पश्चात्तापाकडून पटकन स्वतःला कोसण्याकडे जातं.

तीन वाजता जाग आली तर मोबाइलऐवजी मोठ्या टाइपाचं छापील स्तोत्रसंहितेचं पुस्तक हाताशी असू द्या. डोळे साथ देत नसतील तर बायबल ॲपवर मराठी ऑडिओ मिळतो. २३ वं स्तोत्र लावून आवाज अगदी बारीक ठेवा. वीस मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुणातून उठा, पाणी प्या, खुर्चीत बसून एकेका ओळखीच्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करा. गल्लीतल्या पहिल्या घरापासून सुरू करून घराघरानं पुढे जाणं सोपं पडतं.

चर्चला जाते, पण तिथेच सर्वांत जास्त एकटं वाटतं.

ही तक्रार खरी आहे, आणि तिचं कारण बहुधा साधं असतं : उपासनेत दीड तास सगळे समोर बघत बसतात आणि शेवटचा आशीर्वाद झाला की स्कूटर काढतात. ओळख त्या दीड तासात होत नाही. ती आधीच्या पंधरा आणि नंतरच्या वीस मिनिटांत होते. पंधरा मिनिटं आधी जा. शेवटच्या बाकावर दाराजवळ बसू नका. मधल्या बाकावर बसा, आणि सलग सहा रविवार तिथेच. जागा ठरली की शेजार ठरतो.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे काहीतरी काम मागून घेणं. गीतांची पुस्तकं वाटणं, शब्बाथ शाळेच्या मुलांची हजेरी घेणं, वेदीवरची फुलं, चहाचे कप. कामाच्या निमित्तानं माणसाला बोलावं लागतं, आणि गैरहजर राहिलात तर कोणीतरी विचारतं. "काही मदत लागली तर सांगा" असं म्हणू नका, ते कोणी सांगत नाही. "पुढच्या रविवारपासून पुस्तकं मी वाटू का?" असं विचारा.

रविवारच्या उपासनेपेक्षा आठवड्यातली लहान बैठक जास्त उपयोगी पडते. प्रोटेस्टंट मंडळ्यांत घरोघरी कॉटेज मीटिंग, महिला मंडळ, तरुण संघ असतो. वसईसारख्या ठिकाणी कॅथलिक धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) विभागवार समूहांच्या बैठका असतात. आठ-दहा माणसांत नाव लक्षात राहतं. एकदा तरी बैठक आपल्या घरी घ्या. खोली लहान आहे, खुर्च्या नाहीत, हे अडसर नाहीत. सतरंजी आणि चहा पुरतो.

पाळकांना किंवा फादरांना काय सांगू? त्यांना किती कामं असतात.

पौलानं तुरुंगातून तीमथ्याला काय लिहिलं ते बघा (२ तीमथ्य ४:९–२१). लवकर ये. देमास मला सोडून गेला. एकटा लूक माझ्याजवळ आहे. मार्काला घेऊन ये. त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आण, पुस्तकंही, आणि चर्मपत्रं तर विसरू नकोस. हिवाळ्यापूर्वी ये. त्याच पत्रात तो म्हणतो की पहिल्या जबाबाच्या वेळी सगळ्यांनी मला सोडलं, पण प्रभू माझ्याजवळ उभा राहिला. प्रभू जवळ उभा आहे, तरी त्याला मित्रही हवा आणि झगाही हवा. यात त्याला विसंगती वाटली नाही.

तुम्हीही तसंच नेमकं मागा. रविवारी दारात हात मिळवताना हे बोलणं होत नाही, मागे रांग असते. मधल्या वाराला फोन करून म्हणा : "पास्टर, मला या आठवड्यात अर्धा तास हवा आहे. दोन महिन्यांपासून मला फार एकटं वाटतंय. मला उपाय सांगू नका, आधी ऐकून घ्या आणि माझ्याबरोबर एक स्तोत्र वाचा." भेटीत तीन गोष्टी सांगा : हे कधीपासून आहे, दिवसातली कुठली वेळ वाईट जाते, आणि झोप-जेवण कसं आहे. निघण्याआधी पुढची तारीख ठरवा. कुमसारात, म्हणजे पापकबुलीत, हे सगळं मांडता येईल असं धरू नका. रांग असते आणि हेतू वेगळा असतो. एकटेपण हे पाप नाही, त्यासाठी वेगळी वेळ मागा.

जोडीदार गेला. लोक म्हणतात, "रडू नका, ते प्रभूजवळ आहेत."

मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे येशूला ठाऊक होतं. तरी थडग्याकडे जाताना "येशू रडला" (योहान ११:३५). पुनरुत्थानाची आशा आणि अश्रू एकाच चेहऱ्यावर असू शकतात. ५६ व्या स्तोत्रात तर देव आसवं बुधलीत भरून ठेवतो (वचन ८).

कुठले दिवस जड जातील याची यादी आधीच करा : पहिला नाताळ, लग्नाचा वाढदिवस, मृत्यूची तारीख, २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस. प्रत्येकासमोर एका माणसाचं नाव लिहा आणि त्याला आधीच सांगून ठेवा. नाताळच्या आठवड्यात करंज्या एकटीनं करत बसू नका. शेजारची किंवा मंडळीतली एखादी मुलगी बोलवा, तिला करायला शिकवा. चर्चमधल्या नेहमीच्या बाकावर दोघांच्या जागी एकटं बसणं सहन होत नसेल तर काही महिने दुसऱ्या बाजूला बसा, त्यात काही गैर नाही.

पंडिता रमाबाईंचं (१८५८–१९२२) आयुष्य इथे आठवतं. आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात गेले, मग भाऊ, १८८२ मध्ये पती, आणि १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा. मुलीनंतर रमाबाई वर्षभरही जगल्या नाहीत. पण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या अखेरपर्यंत शेकडो बायका-मुलींच्या सोबतीत होत्या, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करण्याचं काम त्यांनी शेवटच्या दिवसांपर्यंत सोडलं नाही.

घरात मी एकटाच ख्रिस्ती झालो. घरचे बोलत नाहीत.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. पुढची काही वर्षं दोघं वेगळे राहिले. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. या गोष्टीत टिळकांचं एकटेपण सगळे बघतात. पण एकट्या पडल्या होत्या त्या लक्ष्मीबाईही. तुमच्या घरच्यांचंही एक माणूस त्यांच्या दृष्टीनं हरवलेलं आहे, हे मनात ठेवलं तर तुमच्या बोलण्याची धार कमी होईल.

घरच्या ताटावर बसणं सोडू नका. आजारपण, लग्न, बारसं, मयत याला जा. वाद घालून कोणाला पटवायला जाऊ नका. आणि मंडळीत एक कुटुंब असं शोधा, की जिथे महिन्यातून दोनदा जेवायला जाता येईल. नव्या माणसाला उपदेशापेक्षा जेवणाचं आमंत्रण जास्त धरून ठेवतं. पाळकांनाच सांगा, ते घर सुचवतात.

नोकरीसाठी परगावी आलो आहे. इंग्रजी उपासनेत मन लागत नाही.

ज्या भाषेत रडतो त्या भाषेत प्रार्थना होते. मुंबई-पुण्यात मराठी उपासनेच्या मंडळ्या जुन्या आहेत : अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत १८१३ पासूनचं, आणि पुण्यात गुरुवार पेठेत पंच हौदचं चर्च आहे. राज्याबाहेर किंवा देशाबाहेर मराठी मंडळी नसेल तर जवळच्या उपासनेला जाच, आणि आठवड्यातून एकदा घरच्यांबरोबर फोनवर पंधरा मिनिटांची कुटुंबप्रार्थना धरा : एक गीत, एक स्तोत्र, प्रत्येकाचं एक मागणं. वार ठरलेला हवा. "वेळ मिळेल तेव्हा" ठरवलं की महिनाभरात बंद पडतं.

घराबाहेर पडता येत नाही. प्रभुभोजन (कम्युनियनची भाकर) मिळेल का?

मिळेल, आणि मागावं लागतं. बऱ्याचदा कार्यालयाला तुम्ही अंथरुणावर आहात हेच कळलेलं नसतं. नाव, पत्ता, मजला, लिफ्ट आहे का, कुठली वेळ सोयीची, हे कळवा. कॅथलिक धर्मग्रामांत फादर किंवा नेमलेले सेवक आजाऱ्यांकडे कम्युनियन घेऊन येतात, अनेक ठिकाणी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी. लहान टेबल, पांढरा कपडा, क्रूस, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी तयार ठेवा. एरवी कम्युनियनआधीचा तासाभराचा उपास असतो. वयस्कर, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना तो बंधनकारक नाही, त्यामुळे गोळ्या आणि चहा चुकवू नका. गिळायला त्रास असेल तर आधी सांगा, लहानसा तुकडाही चालतो. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग, म्हणजे प्रार्थना करून तेल लावण्याचा विधी, फक्त मरणघडीसाठी असतो ही समजूत चुकीची आहे. याकोब ५:१४ मध्ये तो आजारी माणसासाठी सांगितला आहे.

बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षं पडलेला माणूस येशूला म्हणाला की मला पाण्यात सोडायला माझं कोणी नाही (योहान ५:७). येशूनं त्याला आधी विचारलं होतं, बरा होऊ इच्छितोस का? विचारलं तेव्हाच त्यानं सांगितलं.

रोझरीचा (जपमाळेच्या प्रार्थनेचा) एकटेपणात उपयोग होतो का?

होतो, कारण हात रिकामे राहत नाहीत. पाच दशकांना (एक दशक म्हणजे दहा मण्यांचा गट) पंधरा ते वीस मिनिटं लागतात. प्रत्येक दशकाला येशूच्या किंवा मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग आठवायचा, त्याला रहस्य म्हणतात. सोमवारी-शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी-रविवारी गौरवाची, आणि गुरुवारी प्रकाशाची, जी २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जोडली. दुःखाचं पहिलं रहस्य गेथशेमानेचंच आहे. पाचही दशकं जमत नसतील तर एक म्हणा, पण सावकाश. एका दशकाला एक नाव धरा : हे धाकट्या बहिणीसाठी, हे वरच्या मजल्यावरच्या आजींसाठी. शक्य असेल तर शेजारणीबरोबर म्हणा. एकीनं अर्धं, दुसरीनं अर्धं, अशीच ती प्रार्थना बेतलेली आहे.

यूट्यूबवरची उपासना पुरेशी आहे का?

आजारपणात मोठा आधार आहे. धडधाकट माणसासाठी ती जेवणाच्या फोटोसारखी आहे. पडदा तुम्ही आला नाहीत म्हणून चौकशी करत नाही.

एक इशारा : "हे बीज पेरा, इतकी रक्कम पाठवा, मग तुमचं एकटेपण जाईल" असं सांगणाऱ्या प्रार्थना-क्रमांकांपासून दूर राहा. एकट्या माणसाशी रोज गोड बोलणारं कोणी भेटलं की पैशाची मागणी नाकारणं अवघड होतं. प्रार्थनेला दर नसतो. ओटीपी, खातं, दागिने, घराची कागदपत्रं हा विषय निघाला की फोन ठेवा आणि मंडळीतल्या ओळखीच्या माणसाला सांगा.

गोळ्या किंवा समुपदेशन घेणं म्हणजे अविश्वास का?

रक्तदाबाची गोळी अविश्वास नसेल तर ही कशी असेल? दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप आणि भूक बिघडलेली, कशातच रस नाही, अंघोळ करणंही ओझं, असं असेल तर हा नैराश्याचा आजार असू शकतो. तेव्हा पाळक आणि डॉक्टर दोघंही हवेत. भूत लागलंय म्हणून कोणी औषध थांबवायला सांगितलं तर ऐकू नका. गोळ्या अचानक बंद केल्यानं त्रास वाढतो.

जगणं नकोसं वाटत असेल, मरणाचे विचार येत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तातडीचा धोका असेल तर ११२. जवळच्या माणसाला सरळ सांगा, "आज रात्री माझ्याजवळ थांब." एलीयानंही मरण मागितलं होतं. त्याला शाप मिळाला नाही, भाकर मिळाली.

मंडळीतल्या एकट्या माणसाला भेटायला जायचं आहे. काय करू, काय टाळू?

सगळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत (ईयोब २:१३). तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडल्यावर बिघडलं.

फोन करून जा. चाळीस मिनिटं पुरेत. पहिल्या भेटीत दोन तास बसणारा माणूस दुसऱ्यांदा नकोसा होतो. दोघा-तिघांनी जा, आठ जणांनी नको, नाहीतर आजी उठून सगळ्यांचा चहा करत बसतात. "देवाची काही योजना असेल" आणि "तुमच्यापेक्षा वाईट परिस्थिती असलेले लोक आहेत", ही दोन वाक्यं घरीच ठेवून जा. देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, हे रोमकरांस पत्रातलं ८:२८ खरं आहे, पण ते ज्याचं त्याला उमगू द्यावं. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. घरात ते नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकू न येणं हाच एकटेपणाचा मोठा भाग असतो. एक स्तोत्र वाचा, ते त्यांनाच निवडू द्या. प्रार्थना लहान करा, आणि त्यांनाही तुमच्यासाठी प्रार्थना करायला सांगा. नेहमी घेणाऱ्याच्या जागी बसवलेला माणूस त्यानं थोडा सरळ होतो.

बल्ब बदलायचा आहे का, औषध आणायचं आहे का, बँकेत जायचं आहे का, हे विचारा आणि त्यातलं एक काम करूनच निघा. पुढची तारीख सांगा, घरच्या कॅलेंडरवर त्यांच्याच हातानं लिहून घ्या. डब्यात काही नेलं असेल तर डबा त्याच दिवशी परत आणू नका. "धुऊन ठेवा, गुरुवारी न्यायला येते" असं म्हणा.